आधी फोन, मग रिक्षा

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास माझ्या धाकटीचा फोन आला. ती आठवीत आहे, तेरा वर्षे पूर्ण झालेली. एका मैत्रिणीचा वाढदिवस होता म्हणून पाच जणी नाशिकच्या कॉलेज रोडला गेल्या होत्या. तिथे खायचे, दोन-चार दुकानांतून हिंडायचे आणि साडेपाचपर्यंत आपापल्या घरी पोहोचायचे, असा बेत पाचही घरांनी मान्य केला होता. ती बोलायला लागण्याआधीच मला मागून पाण्याचा आवाज ऐकू आला. "आई, आम्ही सोमेश्वरला आलोय, धबधबा बघायला. रिक्षाने आलो. तुला सांगायला फोन केला."

त्यावर मी जे बोलले ते लिहिताना आजही मला वाईट वाटते. कुणाला विचारून गेलीस, आत्ताच्या आत्ता निघ आणि यापुढे मैत्रिणींबरोबर कुठे जायचे नाव काढू नकोस, हे मी इतक्या मोठ्या आवाजात म्हटले की तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणींनाही ते ऐकू गेले असणार. ती काहीच न बोलता फोन ठेवून निघाली. पाऊण तासाने घरी आली, चपला काढल्या आणि सरळ खोलीत गेली. तिच्या पायजम्याच्या कडा कोरड्या होत्या, म्हणजे ती पाण्यात उतरली नव्हती. हे मला दिसले होते, पण तेव्हा मी ते मोजले नाही.

माझी भीती खोटी नव्हती. सोमेश्वरचा धबधबा गोदावरीवर आहे, गंगापूर धरणाच्या खाली, आणि नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण बाहेरून आलेल्या कुटुंबांना आणि आजकालच्या बहुतेक मुलांना तो सांगावाच लागतो. शहरात ऊन पडलेले असते, कठड्यावर माणसे कणसे खात उभी असतात आणि त्याच वेळी तिकडे त्र्यंबक-अंबोलीच्या पाणलोटात पाऊस कोसळत असतो. धरण भरत आले की विसर्ग सुरू होतो, क्युसेकचे आकडे वाढवत नेले जातात आणि शहरात एक थेंबही न पडता नदी चढते. रामकुंडाजवळ नदीपात्रात असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, असे पुराचे माप आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मारुतीच्या पायाशी उभे राहिलेल्या मुलाला मात्र ते माप कळत नसते. सोमेश्वरच्या खडकांवर शेवाळ असते, खडकांमधल्या डोहांची खोली वरून दिसत नाही आणि फोटोसाठी एक पाऊल पुढे टाकणे तेराव्या वर्षी फार सोपे असते.

म्हणून मी ओरडले याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्या ओरडण्याचा परिणाम काय झाला, ते मला ऑक्टोबरमध्ये कळले.

ऑक्टोबरात दुसऱ्या एका मुलीच्या आईने सहज बोलताना सांगितले की आपल्या मुली मंगळवारी क्लास सुटल्यावर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गप्पा मारत बसल्या होत्या. मला घरी सांगण्यात आले होते की जादा तास आहे. जॉगिंग ट्रॅक ही संध्याकाळी माणसांनी भरलेली जागा आहे, तिथे आजी-आजोबा फिरायला येतात. तिने विचारले असते तर मी एका शब्दाने हो म्हटले असते. मग खोटे का बोललीस, असे मी विचारले. तिने जे उत्तर दिले त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, नुसता हिशेब होता. "सोमेश्वरला सांगितलं तर ओरडलीस. जॉगिंग ट्रॅकचं नाही सांगितलं, तर काहीच झालं नाही."

त्या रात्री मी आणि तिचे वडील बराच वेळ बसून होतो. तोवर आमच्या घरात स्वातंत्र्याची चर्चा नेहमी अंतराच्या आणि वेळेच्या भाषेत चालत असे. किती वाजेपर्यंत, किती लांब, कुणाबरोबर, बसने की रिक्षाने, हेच आमचे प्रश्न. ते सगळे आवश्यक आहेत. पण मूळ प्रश्न वेगळाच आहे, हे मला त्या दोन वाक्यांनी दाखवले. बेत बदलला, काही बिघडले, कुणी त्रास दिला, तर ती पहिला फोन आम्हाला करेल का? करेल असा भरवसा असेल तर मी तिला पाच किलोमीटर लांब पाठवू शकते. तो भरवसा नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पाठवणेसुद्धा डोळे मिटून पाठवणे आहे. आणि हा भरवसा एकट्या तिच्या स्वभावावर उभा नाही, मागच्या वेळी तिचा फोन आला तेव्हा मी काय केले यावर तो उभा आहे. सोमेश्वरहून तिने स्वतःहून फोन केला होता. मी तिला शिकवू पाहत होते ती सगळ्यात मोठी गोष्ट तिने त्या दिवशी कुणी न सांगताच केली होती आणि शिक्षाही मी नेमकी त्याच गोष्टीची दिली होती.

त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून विचार केला. आधी चुकांचे दोन ढीग केले. चुकीच्या बसमध्ये बसणे, पैसे हरवणे, मोबाइलची बॅटरी संपणे, अर्धा तास उशीर होणे, मैत्रिणींशी भांडण होऊन एकटीने परतावे लागणे, या चुकांमधून माणूस संध्याकाळी घरी येतो आणि थोडा शहाणा होऊन येतो. त्या होऊ द्यायच्या, इतकेच नव्हे तर आमच्या डोळ्यांसमोर असतानाच होऊन गेल्या तर बरे. दुसऱ्या ढिगात अशा गोष्टी, ज्यांतून शिकून परत येण्याची खात्री नसते. त्यात पाणी पहिले. नदी, धरणाचा जलाशय, धबधबा, खदानीतले तळे, यांपैकी कुठेही मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय जायचे नाही, बघायलासुद्धा नाही, आणि इथे वाटाघाट नाही.

दुसरे वाहन. मैत्रिणीचा पंधरा वर्षांचा भाऊ स्कूटरवरून सोडतो म्हणाला तरी बसायचे नाही. याबाबतीत मी मुलीपेक्षा पालकांनाच जास्त बोलते, कारण किल्ली आपण देतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. एवढे असूनही सकाळी कुठल्याही क्लासबाहेर उभे राहिले की शाळेच्या गणवेशातली मुले गाड्या लावताना दिसतात.

तिसरी गर्दी. २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्यात नाशकात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. आता पुन्हा सिंहस्थ येतो आहे आणि साधूंच्या मिरवणुकीचा शाही मार्ग बघायला मैत्रिणींबरोबर जाऊ का, हा प्रश्न आमच्याकडे आत्ताच विचारून झाला आहे. पर्वणीच्या दिवशी नाही, हे उत्तरही देऊन झाले आहे.

या तीन गोष्टी सोडल्या तर बाकी सगळ्यावर बोलता येईल, असे आम्ही तिला सांगितले. नकारांची यादी लहान आणि कारणांसह दिली तर मूल ती पाळते, असा माझा अनुभव आहे. पूर्वी आमचे नकार तीसेक तरी होते. त्यात धबधबा आणि रस्त्यावरची पाणीपुरी एकाच आवाजात सांगितली जात होती, मग दोन्हींचे वजन तिने एकच धरले तर तिचे काय चुकले?

पाच जणी एकत्र आहेत म्हणजे काळजी नाही, हाही माझा एक जुना समज होता आणि तो मला सोडावा लागला. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ च्या पुढचे प्रौढ असे तीन गट घेऊन त्यांना गाडी चालवण्याचा धोका पत्करण्याचा संगणकावरचा खेळ दिला, काहींना एकट्याने आणि काहींना सोबत्यांसमोर. सोबती बघत असताना लहान वयाच्या मुलांनी एकट्याने खेळतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला, प्रौढांमध्ये मात्र तसा फरक पडला नाही. सोमेश्वरला जायची कल्पना कुणाची, हे मी नंतर शांतपणे विचारले तेव्हा तिला खरोखरच सांगता आले नाही. एकीने म्हटले, दुसरीने रिक्षा थांबवली, तिसरीने पैसे काढले. एकटी असती तर यांतली एकही तिथे गेली नसती. छेडछाडीपासून सोबतीचे संरक्षण मिळते हे खरे, पण विचार करून थांबण्याची ताकद सोबतीत कमी होते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून आता आम्ही गटाला एक काम देतो. बेत बदलायचा असेल तर पाचपैकी कुणीही एकीने "घरी विचारू" म्हटले की बाकीच्यांनी थांबायचे आणि तिला भित्री म्हणायचे नाही. हे पाचही घरांत एकाच शब्दांत सांगितले गेले, त्यासाठी आम्ही पाच आया एका संध्याकाळी एकत्र बसलो. त्या बैठकीत आणखी एक गोष्ट उघड झाली. "बाकी सगळ्यांना परवानगी मिळाली आहे" हे वाक्य पाचही घरांत, एकाच दिवशी, एकाही घरातून परवानगी मिळालेली नसताना वापरले गेले होते.

नोव्हेंबरात मी आणि धाकटीने एक दिवस तालमीसाठी काढला. सार्वजनिक वाचनालयात एक पुस्तक परत करायचे होते. ठरले असे की सगळे ती करेल आणि मी दोन आसने मागे बसेन, विचारल्याशिवाय बोलणार नाही. जाताना सगळे सुरळीत झाले. १८४० पासून नाशिककरांना पुस्तके देणाऱ्या त्या संस्थेतून आम्ही बाहेर पडलो, चालत थांब्यावर आलो आणि पाटी नीट न वाचता ती समोर आलेल्या बसमध्ये चढली. बस आमच्या घराच्या उलट दिशेला जाणार होती. मला चढतानाच दिसले. पुढच्या सात-आठ मिनिटांत मी समोरच्या आसनाचा दांडा इतका घट्ट धरला होता की तळहातावर त्याचा वळ उठला. रविवार कारंजा गेला, बस होळकर पुलावर आली आणि खिडकीतून गोदावरी दिसली, तेव्हा तिची मान एकदम ताठ झाली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी बाहेर बघत राहिले. मग ती उठली, वाहकाजवळ गेली आणि म्हणाली, "काका, ही गंगापूर रोडला जात नाही ना?" त्यांनी निमाणीला उतरून दुसरी गाडी घ्यायला सांगितले. निमाणीच्या स्थानकावर तिने दोन जणांना विचारले, पाटी दोनदा वाचली आणि आम्ही चाळीस मिनिटे उशिरा घरी पोहोचलो. त्या दिवसानंतर मी तिला बसबद्दल एकही सूचना दिलेली नाही.

त्या तालमीत मला माझीच एक चूक सापडली. अनोळखी माणसाशी बोलायचे नाही, हे आम्ही तिला बालवाडीपासून शिकवले होते आणि मोबाइल बंद पडल्यावर तिला अनोळखी माणसाशीच बोलावे लागणार होते. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. म्हणजे अनोळखी तेवढा वाईट आणि ओळखीचा तेवढा चांगला ही शिकवणच अपुरी आहे. आता आम्ही तिला कुणाला विचारायचे ते शिकवतो. गणवेशातला वाहक, औषधाच्या दुकानातला माणूस, लहान मुले बरोबर असलेली बाई, वाहतूक पोलीस. मदत मागायची ती जागेवर उभे राहून, कुणी "चल, मी सोडतो" म्हणाले तर जायचे नाही, मग तो बाबांचा मित्र का असेना. आपत्कालीन मदतीचा ११२ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे दोन क्रमांक आणि आम्हा दोघांचे क्रमांक तिला तोंडपाठ आहेत. ही पाठांतराची परीक्षा मी अधूनमधून भाकरी करताना घेते, कारण फोनमध्ये साठवलेला क्रमांक फोन बंद पडला की गेला.

लाइव्ह लोकेशनबद्दल आमच्या घरात मतभेद होते. तिचे वडील ते कायम सुरू ठेवावे या मताचे, तर मला ते चोरून बघितल्यासारखे वाटत असे. शेवटी बाहेर पडताना तिने स्वतः सुरू करायचे आणि घरी आल्यावर स्वतः बंद करायचे, असे ठरले. त्याचा उपयोग आहे, पण पडद्यावरचा ठिपका मुलगी कुठे आहे ते सांगतो, ती कशी आहे ते सांगत नाही. एकदा तो ठिपका वीस मिनिटे एकाच जागी थांबला म्हणून मी कासावीस झाले आणि मुली पुस्तकांच्या दुकानात जमिनीवर बसून वाचत होत्या.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना मला सर्वांत जास्त संकोच वाटतो. थोरला मुलगा आता अकरावीत आहे. तो बाराव्या वर्षी एकटा सायकलने सगळीकडे जात असे आणि तेराव्या वर्षी रंगपंचमीला जुन्या नाशकातली रहाड बघायला मित्रांबरोबर गेला होता. रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या पेशवेकालीन हौदात धप्पा मारून, नखशिखान्त भिजून तो अंधार पडल्यावर घरी आला, तेव्हा त्याच्या आजीने कौतुकाने त्याला हळदीचे दूध दिले. किती वाजता येशील, कुणाबरोबर जातोस, हे आमच्यापैकी कुणी विचारले नव्हते. "दादाला कुणी विचारलं होतं का?" या धाकटीच्या प्रश्नाला आमच्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. मुलींच्या वाट्याला येणारे धक्के, शेरे आणि पाठलाग खरे आहेत, मी स्वतः याच शहरातल्या बसमध्ये ते सोसले आहेत. पण देशभर बुडून मृत्यू पावणाऱ्यांमध्ये पुरुष आणि मुलगेच फार मोठ्या संख्येने असतात, अपघातात दगावणारेही तेच, आणि तरी पाण्याचा आणि गाडीचा धाक आम्ही मुलाला घातला नाही, घराचा उंबरठा मात्र मुलीला दाखवला. मुलीला कोंडून ठेवणे आणि मुलाला मोकाट सोडणे या दोन्हींत आम्ही विचार टाळत होतो. आता तिन्ही नकार थोरल्यालाही लागू आहेत आणि बेत बदलला की फोन त्यानेही करायचा आहे. त्याला ते आवडलेले नाही. सासूबाईंनाही नाही.

डिसेंबरमध्ये पाच जणी पांडवलेणीला गेल्या. थोरांपैकी कुणीही बरोबर नसताना शहराच्या टोकापर्यंत जाण्याची ही त्यांची पहिली वेळ. आदल्या रात्री धाकटीने एक फुलस्केप कागद घेतला आणि जेवणाच्या टेबलावर नियम स्वतःच्या अक्षरात लिहून काढले. सकाळी नऊला निघायचे, आधी लेणी, मग पायथ्याचे फाळके स्मारक, दोनपर्यंत घरी. लेण्यांच्या वर डोंगरावर चढायचे नाही. महामार्ग पळत ओलांडायचा नाही. बेत बदलला तर आधी फोन, मग रिक्षा. त्याखाली एक रेघ मारून तिने "आई-बाबांसाठी" असे लिहिले आणि पुढे एकच वाक्य होते: फोन आला तर आधी पूर्ण ऐकायचे.

साडेअकराला फोन आलाच. "आई, आधी ऐक," ही तिची सुरुवात. पायऱ्या उतरताना एका मैत्रिणीचा पाय मुरगळला होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि ऐकले. मुलीला सावलीत बसवले आहे, घोट्याला सूज आहे पण पाऊल टेकवता येते, तिच्या आईला फोन लागत नाही, तिथल्या चौकीदारकाकांनी पाणी आणून दिले, दोघी तिच्याजवळ आहेत आणि बाकी दोघी खाली रिक्षा बघायला जाऊ का विचारताहेत. माझ्या तोंडात चार सूचना आल्या होत्या. त्या गिळून मी विचारले, "तुला काय करावंसं वाटतं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली की दोघींनी वेगळे व्हायला नको, हळूहळू सगळ्याच उतरतो, बाबांना गाडी घेऊन पायथ्याशी यायला सांग. मी रिक्षाच सुचवणार होते. तिचे म्हणणे जास्त बरोबर होते.

तिचे वडील पोहोचले तेव्हा पाचही जणी स्मारकाच्या फाटकाजवळ बसून डबा खात होत्या. चोवीस लेण्यांपैकी त्यांनी किती पाहिली ते मला ठाऊक नाही. चैत्यगृहात बोलले की आवाज कसा घुमतो, एवढे मात्र मला संध्याकाळी तीनदा ऐकायला मिळाले, आणि मुरगळलेल्या पायाच्या मुलीच्या आईने रात्री फोन करून आमच्या मुलीशी बोलायचे आहे म्हटले.

आता रामशेजची मागणी आली आहे. पेठ रस्त्याकडचा, आशेवाडीच्या वरचा हा किल्ला काही फार उंच नाही आणि संभाजी महाराजांच्या काळात तो मुघलांपुढे वर्षानुवर्षे कसा टिकला हे त्यांना पाहायचे आहे, असे सांगण्यात आले. मी हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. रस्ता शहराबाहेरचा आहे, गडावर मोबाइलची रेंज कुठे मिळते ते आधी स्वतः जाऊन पाहावे लागेल आणि वरच्या टाक्यांमध्ये पाणी आहे. पुढच्या रविवारी मी आणि धाकटी दोघीच जाणार आहोत. वाट तिने दाखवायची आहे, मी मागून चालणार आहे.